फाशांच्या लीगमध्ये नियम कसा बदलावा?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटच्या प्रश्नोत्तरांतला काही भाग घेतला आहे.)



आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. बेसबॉल, म्हणजे अमेरिकेतला खेळ. तोही मैदानावरचा नाही, टेबलावर फासे टाकून किंवा संगणकावर चालवलेला. आणि त्याचे नियम बदलायचे प्रस्ताव! पण जरा थांबा. या जातीचा खेळ तुम्ही सगळे खेळलेले आहात. बुक क्रिकेट आठवतंय ना? मधल्या सुट्टीत भूगोलाचं पुस्तक मध्येच उघडायचं आणि डावीकडच्या पानाच्या नंबरचा शेवटचा आकडा बघायचा. डावीकडचं पान नेहमी सम. म्हणजे येणार ० २ ४ ६ ८ यांपैकी काहीतरी. शून्य आला की आऊट. दोन, चार, सहा म्हणजे तेवढे रन. आणि आठ?

बघा, आठवर भांडण. कुठल्या वर्गात आठ म्हणजे नो रन, कुठे एक रन, आणि काही उदार वर्गांत चक्क आठ रन. (हशा)

आता याचं गणित करू. पाच आकडे सारख्याच शक्यतेचे धरले तर आऊट व्हायची शक्यता दर चेंडूला पाचात एक. म्हणजे विकेट पडायच्या आधी सरासरी चार चेंडू खेळायला मिळतात. आठला शून्य रन दिले तर त्या चार चेंडूंवर सरासरी १२ रन होतात, दहा विकेटचे १२०. आठला एक रन दिला तर डाव १३०वर जातो. आणि आठला आठ रन दिले तर थेट २००. एका आकड्याचा अर्थ बदलला आणि डाव १२०चा २०० झाला. मैदानावरच्या खेळात नियम बदलला तर त्याचा परिणाम कळायला दोन-तीन मोसम जावे लागतात. इथे आपण तो बसल्याजागी काढला. सिम्युलेशनची म्हणजे अनुकरणाच्या खेळाची ही मोठी सोय आहे. ही सोय कुठे फसवते, तेही पुढे बघू.

अमेरिकेत या बुक क्रिकेटचे थोरले भाऊ सत्तर वर्षांहून जास्त काळ चालू आहेत. आपबा नावाचा खेळ १९५१ साली पेनसिल्व्हानियातल्या लँकेस्टरमधून विकायला सुरुवात झाली. हॅल रिचमनचा स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१मध्ये आला. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड असतं, गेल्या मोसमात त्याने जे केलं त्यावरून बनवलेलं. तीन फासे टाकायचे. एका फाशावर १ ते ३ आलं तर बॅटरच्या कार्डावर बघायचं, ४ ते ६ आलं तर पिचरच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज सांगते की त्या रकान्यातली कुठली ओळ वाचायची. एकूण २१६ शक्यता. त्यात कुठे होम रन, कुठे आऊट. पुढे संगणक आले. मार्कुस हाइनझोन या जर्मन माणसाने १९९९मध्ये 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' काढला. त्यात खेळाडूसुद्धा काल्पनिक असू शकतात. ते जन्मतात, उमेदवारी करतात, म्हातारे होतात.

पण फासे हा फक्त अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग माणसांचा. वीस-चोवीस जण मिळून लीग काढतात. प्रत्येकाचा एक संघ. खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. अदलाबदल होते. १६२ सामन्यांचा मोसम, मग प्लेऑफ. एक कमिशनर असतो, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीचा सेक्रेटरी समजा. पगार शून्य, बोलणी सगळ्यांची. (हशा) काही लीग याच पद्धतीने दशकानुदशकं चालल्या आहेत, माणसं तिथे तरुणपणी आली आणि निवृत्त होईपर्यंत राहिली. आणि अशा लीग मोडतात त्या फाशांमुळे क्वचितच. बहुतेक वेळा एखाद्या नियमबदलावरून. कुणाला वाटतं आपल्याला मुद्दाम पाडलं, तो जातो, त्याच्यामागे त्याचा मित्र जातो, दोन संघ बेवारशी पडतात, आणि पुढच्या मोसमाला लीग उभीच राहत नाही. म्हणून प्रस्ताव कसा मांडायचा हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

पहिली गोष्ट. तक्रार आणि प्रस्ताव यांत फरक करायला शिका. 'सगळ्यात तगडा संघ माझा, तरी मी तिसरा आलो, तेव्हा नियमात काहीतरी खोट आहे' ही तक्रार झाली. खरंच खोट आहे का? समजा एक संघ तंतोतंत मध्यम आहे, प्रत्येक सामना जिंकायची शक्यता निम्मी. १६२ सामन्यांत तो सरासरी ८१ जिंकेल. पण निव्वळ नशिबाने यात किती हेलकावे येतात? प्रमाण विचलन साधारण ६.४ सामन्यांचं. म्हणजे तीन मोसमांतल्या दोनमध्ये तो ७५ ते ८७च्या दरम्यान असेल आणि उरलेल्या मोसमात त्याच्याही बाहेर. तोच संघ, तेच खेळाडू, तेच फासे! एका वर्षी ७४ विजय म्हणून मालक डोकं धरून बसलाय, दुसऱ्या वर्षी ८८ म्हणून पेढे वाटतोय. तेव्हा एका मोसमाच्या निकालावरून आलेला प्रस्ताव बाजूला ठेवावा असं माझं मत आहे. संगणकावरची लीग असेल तर तोच मोसम हजार वेळा चालवून बघा. हजार मोसमांच्या सरासरीत नशिबाचा वाटा जेमतेम ०.२ सामन्यांवर येतो. मग जे दिसेल ते बऱ्यापैकी खरं.

याच माळेतला दुसरा लोकप्रिय प्रस्ताव बघू. 'प्लेऑफची मालिका पाचऐवजी सात सामन्यांची करा, म्हणजे चांगला संघ जिंकेल.' ऐकायला किती रास्त वाटतं! आता हिशोब. समजा चांगला संघ दर सामन्याला १००त ५५ वेळा जिंकतो. बेसबॉलमध्ये हा फरक मोठा मानतात बरं का. पाच सामन्यांच्या मालिकेत तो जिंकायची शक्यता येते ५९.३ टक्के. सात सामन्यांच्या मालिकेत ६०.८. दीड टक्का! दीड टक्क्यासाठी तुम्ही जास्तीचे सामने खेळणार, वेळापत्रक लांबवणार आणि त्यावर महिनाभर वाद घालणार. वाद घालायचाच तर निदान तो दीड टक्क्याचा आहे एवढं माहीत असू द्या. हे आकडे बघून जो प्रस्ताव मागे घेतो तो मला शहाणा मालक वाटतो. आणि 'मला लांब मालिका बघायला मजा येते' असं सरळ सांगून जो प्रस्ताव ठेवतो तो प्रामाणिक. मजा हेही कारण आहेच की. फक्त त्याला न्यायाचं नाव देऊ नका.

आता खरा, रसाळ प्रश्न. कार्डांच्या जवळजवळ प्रत्येक लीगमध्ये कधी ना कधी येणारा. थोड्या वापराच्या खेळाडूंचा.

बेसबॉलमध्ये बॅटरची सरासरी हजारात सांगतात. हजार वेळा बॅटिंग केली आणि तीनशे हिट मिळाले तर तो तीनशेचा बॅटर, म्हणजे उत्तम. अडीचशेचा म्हणजे सर्वसाधारण. या एकेका खेपेला ॲट-बॅट म्हणतात. वॉक वगैरे त्यात धरत नाहीत, ते आपण सोडून देऊ. नेहमीचा खेळाडू मोसमात साडेपाचशे-सहाशे ॲट-बॅट घेतो. पण संघात असे बरेच असतात की ज्यांना मोसमभरात चाळीसच मिळतात. समजा त्यांतल्या एकाचे चाळीसात सोळा हिट झाले. सरासरी चारशे! मुळात तो अडीचशेचाच खेळाडू असला तरी चाळीसात सोळा किंवा जास्त हिट मिळायची शक्यता शंभरात दोन-तीन असते. आणि दर मोसमात असे थोडके खेळणारे शेकडो असतात, त्यामुळे असे दोन-चार चमत्कार निघतातच. खऱ्या मैदानावर पुढच्या वर्षी तो पुन्हा अडीचशेवर येतो, चमत्कार संपतो.

कार्डावर मात्र चमत्कार छापला जातो. कार्डाला काय माहीत की हे चाळीसातलं नशीब आहे? ते म्हणतं, हा चारशेचा बॅटर. आणि लीगमधला हुशार मालक त्याला रोज खेळवतो. सहाशे ॲट-बॅट, चारशेची सरासरी. टेड विल्यम्सने १९४१मध्ये ४०६ केले, त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या पूर्ण मोसमात चारशे कुणालाच जमले नाहीत, आणि इथे तुमच्या टेबलावर कुणीतरी बदली खेळाडू ते करतोय.

म्हणून मर्यादेचा नियम येतो: खऱ्या मोसमात जेवढे ॲट-बॅट तेवढेच इथे. छान. पण आता परिणामांची साखळी बघा. एका संघाला पूर्ण मोसमात साधारण साडेपाच हजार ॲट-बॅट लागतात. शंभर टक्क्यांची कडक मर्यादा घातली की प्रत्येक मालकाला ही बेरीज जुळवावी लागते. मग एकदम भाव कुणाला येतो? जो खेळाडू बॅटिंगला साधाच आहे पण सहाशे ॲट-बॅट घेऊन बसलाय त्याला. काल ज्याला कुणी फुकट घेत नव्हतं त्याच्यासाठी आज दोन-दोन संघ रांगेत. तुम्ही नियम केला चाळीसवाल्याला रोखायला, आणि हलला अदलाबदलीचा अख्खा बाजार. हे वाईट आहे असं नाही. मला तर ते बरंच वाटतं, कारण खऱ्या बेसबॉलमध्येही रोज मैदानात उभं राहण्याला किंमत असते. पण प्रस्ताव मांडणाऱ्याने हे आधी सांगायला हवं. आणि त्याच्या स्वतःच्या संघात असे तीन सहाशेवाले असतील तर आणखी आधी. (हशा)

पुढची पळवाट. एकूण मर्यादा चाळीसची आहे ना? मग मालक त्या गड्याला पाच महिने बाकावर बसवतो आणि सगळे चाळीस शेवटच्या महिन्यात, नाहीतर थेट प्लेऑफमध्ये वापरतो. ज्या सामन्यांना सर्वांत जास्त मोल तिथेच चमत्कारी खेळाडू रोज मैदानात. म्हणजे नियमाचं अक्षर पाळलं आणि हेतू बुडवला. यावर प्लेऑफसाठी वेगळी मर्यादा प्रमाणात काढावी लागते. १६२ सामन्यांना चाळीस, तर सात सामन्यांना किती? पावणेदोनच्या आसपास. म्हणजे मालिकेत दोन ॲट-बॅट द्या त्याला, बदली म्हणून येऊन जाऊ दे. काही जण याहून सोपं करतात: शंभराच्या खालचा खेळाडू प्लेऑफमध्ये सुरुवातीपासून खेळवायचाच नाही. सोपं आहे, पण मग ९९वाला आणि १०१वाला यांच्यात दरी पडते. मी प्रमाणाच्या बाजूचा आहे. मोजायला थोडा त्रास, पण कडेवरचं भांडण नाही.

मोजायला त्रास म्हटलं, त्यावर एक सांगतो. प्रत्येक नियमाला राबवण्याचा खर्च असतो. संगणकाच्या लीगमध्ये ॲट-बॅट आपोआप मोजले जातात. फाशांच्या लीगमध्ये कुणीतरी वही घेऊन बसतो, आणि तो 'कुणीतरी' बहुतेक कमिशनरच असतो. मर्यादा ओलांडली तर शिक्षा काय, कुणी ठरवायची, हे प्रस्तावातच लिहिलेलं नसेल तर तो प्रस्ताव अर्धवट आहे. तो परत पाठवा.

मुद्दाम हरण्याचा प्रश्न लवकर आटोपतो, कारण त्यावर बरंच बोललं गेलंय. शेवटच्या संघाला ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळत असेल तर शेवटचं येण्यात फायदा. ह्यूस्टन ॲस्ट्रोज २०११ ते २०१३ या तीन वर्षांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरले, त्या काळात उंच निवडी मिळवल्या आणि २०१७मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकले. पुढे त्या विजयाला खुणा चोरल्याचा डाग लागला, ती गोष्ट वेगळी. एनबीएने १९८५मध्येच लॉटरी आणली. मेजर लीग बेसबॉलची पहिली ड्राफ्ट लॉटरी डिसेंबर २०२२मध्ये झाली. काल्पनिक लीगमध्ये हा रोग जास्त, कारण इथे हरण्याची किंमतच नाही. रिकामी खुर्ची नाही, तिकिटांचं नुकसान नाही, पेपरात शिव्या नाहीत.

यावर हमखास येणारा प्रस्ताव म्हणजे किमान विजयांचा. ६०च्या खाली गेलात तर पहिली निवड जप्त. पुन्हा हिशोब करा. एखादा नवा मालक बेवारशी संघ घेतो, मनापासून खेळतो, पण संघच असा की दर सामन्याला जिंकायची शक्यता ४० टक्के. सरासरी ६५ विजय. तरीही निव्वळ नशिबाने तो साठच्या खाली जाईल, साधारण पाच मोसमांतून एकदा. म्हणजे पाच प्रामाणिक माणसांतल्या एकाला तुम्ही चोर ठरवणार. हीच रेषा ५५वर आणली तर वीसात एक. पाचचाच फरक, पण माणसं टिकतात. आणि ज्या संघात माणूस येऊन दोनच मोसम झालेत त्याला हा नियम लावू नये, असं मी तरी म्हणेन.

इथपर्यंत आपण फाशांचा हिशोब करत होतो. आता सिम्युलेशन फसवतं कुठे ते बघू, आणि त्यासाठी खऱ्या बेसबॉलमध्ये जाऊ.

१९६८ हे पिचरांचं वर्ष. बॉब गिब्सनने दर नऊ इनिंगमागे फक्त १.१२ रन दिले. अमेरिकन लीगमध्ये बॅटिंगचा पहिला क्रमांक कार्ल यास्त्रेम्स्कीला मिळाला तो ३०१वर. इतक्या कमी सरासरीवर हा मान त्याआधी कुणाला मिळाला नव्हता, नंतरही नाही. सगळे कंटाळले. मग १९६९साठी माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा, १५ इंचांवरून १० इंचांवर आणला, आणि स्ट्राइकचा पट्टाही आखूड केला. संघागणिक दर सामन्याला ३.४२ रन होत होते, ते ४.०७ झाले. नियमबदल यशस्वी! पण त्याच वर्षी चार नवे संघ लीगमध्ये आले. म्हणजे एरवी खालच्या लीगमध्ये राहिले असते असे कितीतरी पिचर वर आले. मग वाढलेल्या रनांत उंचवट्याचा वाटा किती, पट्ट्याचा किती, नव्या संघांचा किती? मैदानावर हे वेगळं काढता येत नाही, कारण १९६९ एकदाच घडलं.

तुम्ही म्हणाल, मग सिम्युलेशन आहेच की! एकेक गोष्ट वेगळी करून चालवा. पण कार्डावर उंचवटा कुठे आहे? कार्डावर फक्त निकाल आहेत. पाच इंच खाली आणल्याने किती हिट वाढतील हे यंत्राला आपणच सांगावं लागतं, आणि मग यंत्र तेच आपल्याला गंभीर चेहऱ्याने परत सांगतं. उत्तर आपणच खिशात घालायचं आणि आपल्याच खिशातून काढून दाखवायचं!

दुसरं उदाहरण ताजं आहे. २०२३मध्ये मेजर लीगने बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले, पिचरने धावपटूला रोखण्यासाठी बेसवर चेंडू टाकण्यावर मर्यादा घातली, आणि पिचवर घड्याळ लावलं. नऊ इनिंगचा सरासरी सामना साधारण २४ मिनिटांनी आटोपशीर झाला, तीन तास चारवरून दोन तास चाळीसवर. आणि चोरलेले बेस २,४८६ होते ते ३,५०३ झाले. २०२२च्या कार्डांवर तुम्ही लाख मोसम चालवले असते तरी हा आकडा निघाला नसता. कारण तो तीन इंचांतून जितका आला तितकाच माणसांच्या डोक्यातून आला. पळणाऱ्यांनी नवा नियम बघून जास्त वेळा पळायचं ठरवलं. फाशांना ठरवता येत नाही.

म्हणून मेजर लीगने काय केलं? खालच्या लीगमध्ये जिवंत माणसांवर प्रयोग केले. घड्याळ तिथे २०१५पासून वापरात होतं. अटलांटिक लीग या स्वतंत्र लीगने २०२१च्या उत्तरार्धात पिचरचं अंतर एक फुटाने वाढवून बघितलं, आणि नंतर ते सोडून दिलं. असा सोडून दिलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. चूक स्वस्तात कळली.

काल्पनिक लीगच्या नियमांचंही तसंच आहे. मालिका किती सामन्यांची, विजयांची रेषा कुठे, असे प्रश्न फाशांचे आहेत. ते चालवून बघा, उत्तर मिळेल. पण मर्यादा घातल्यावर मालक काय साठवतील, लॉटरी आणल्यावर कोण हरायचं थांबेल, हे माणसांचे प्रश्न आहेत. तिथे हजार मोसम चालवून काही कळत नाही. तिथे एक मोसम मुदत घालून नियम लावा, आणि मोसम संपल्यावर तो आपोआप रद्द होईल असं लिहा. हवा असेल तर पुन्हा मत घ्या. नियम काढायला बहुमत शोधावं लागू नये, ठेवायला लागावं.

आता वेळेबद्दल. मोसमाच्या मध्ये नियम बदलू नये हे सगळेच म्हणतात, पण तेवढ्याने भागत नाही. मोसम संपल्यावर लगेच पुढच्या मोसमासाठी मत घेतलं तरी प्रत्येकाला आपला संघ माहीत असतो. कुणाकडे चाळीसवाले पाच आहेत, कुणाकडे एकही नाही. मत त्यावरच पडणार. प्रस्ताव लागू व्हायची तारीख दोन मोसम पुढे ढकला. दोन मोसमांत अदलाबदल होते, म्हातारे निवृत्त होतात, नवी कार्डं येतात. तेव्हा या नियमाचा फायदा मला होईल की शेजाऱ्याला, हे आज कुणालाच नक्की सांगता येत नाही. मग माणूस जरा न्यायाने बोलतो. तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने समाजाच्या नियमांबद्दल हेच सुचवलं होतं, की आपली जागा कोणती हे माहीत नाही असं समजून नियम ठरवा. तो बेसबॉलचाही चाहता होता, त्यामुळे त्याला हा उपयोग आवडला असता असं मी समजतो.

आणि ज्यांनी जुन्या नियमावर भरवसा ठेवून गुंतवणूक केली त्यांना सांभाळा. १९२०मध्ये थुंकी लावलेल्या चेंडूवर बंदी आली तेव्हा ज्यांचं पोट त्याच चेंडूवर होतं अशा १७ पिचरांना निवृत्तीपर्यंत सूट दिली गेली. त्यांतला शेवटचा बर्ली ग्राइम्स १९३४पर्यंत कायद्याने थुंकी लावत होता. (हशा) चौदा वर्षं! पण बंदी टिकली, आणि कुणाचं घर बुडलं नाही.

मतदानाबद्दल थोडंच. सोसायटीच्या सभेत 'आयत्या वेळी येणारे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने' असा एक कलम असतो. लीगमध्ये तो ठेवू नका. सगळे प्रस्ताव लेखी, महिनाभर आधी. आणि प्रस्ताव आकड्याचा असेल, म्हणजे मर्यादा १०० टक्के की ११० की १२५, तर पर्यायांवर हात वर करायला लावू नका. प्रत्येकाने आपला आकडा चिठ्ठीवर लिहावा, चिठ्ठ्या क्रमाने लावाव्यात आणि बरोबर मधली उचलावी. सरासरी नको, मधली. सरासरी काढली तर एखादा मुद्दाम ५०० लिहून ती ओढतो. मधल्या चिठ्ठीला तो ५०० लिहो की १२५, फरक पडत नाही. फ्रान्सिस गॅल्टनने १९०७मध्ये 'नेचर'मध्ये समित्यांसाठी हीच युक्ती सुचवली होती.

राहिला कमिशनर. रॉबर्ट कूव्हर या लेखकाची १९६८ची एक कादंबरी आहे, 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन'. तिचा नायक हेन्री वॉ हा हिशेबनीस, घरात एकटाच फाशांची लीग चालवतो. एक दिवस फाशांच्या निकालाने त्याचा लाडका तरुण पिचर मरतो. नियम त्याचाच, तक्ता त्याचाच, आणि तो सहन करू शकत नाही. अखेर तो फासे हाताने मांडून ठेवतो, ज्याच्या चेंडूने हे झालं त्याला मारण्यासाठी. आपला कमिशनर इतक्या टोकाला जात नाही. पण त्याचाही एक संघ असतो, आणि 'हा निकाल लीगच्या हिताचा नाही' हे वाक्य त्याच्या जिभेवर येतं तेव्हा त्याने आधी गुणतक्ता बघावा. माझ्या मते ज्या वादात कमिशनरचा संघ आहे त्यात निर्णय दुसऱ्या तिघांकडे जावा, आणि हे वाद व्हायच्या आधी लिहून ठेवावं.

प्रश्न घेऊ या.

श्रोता : सर, दोन मोसम थांबायचं म्हटलं तर तोवर लीग मोडली तर? काही गोष्टी तातडीच्या असतात.

असतात. संगणकाच्या प्रोग्रॅममधली चूक तातडीची. समजा एखाद्या आवृत्तीत जखमी खेळाडू खेळतोच आहे. ती चूक दुरुस्त करण्याला मी नियमबदल म्हणत नाही, ती आजच करा. पण एक कसोटी लावा: ही गोष्ट उलट्या बाजूने घडली असती, तर तीच माणसं याला चूक म्हणाली असती का? 'हो' असेल तर दुरुस्ती. 'कदाचित' असेल तर तो प्रस्ताव आहे, त्याने रांगेत यावं.

श्रोती : आमच्याकडे ऑफिसमधली क्रिकेटची फँटसी लीग आहे. तिथे हे लागू होतं का?

पुष्कळसं होतं. फरक एवढा की तुमच्याकडे गुण खऱ्या सामन्यांतून येतात, त्यामुळे हजार वेळा चालवून बघता येत नाही. पण गेल्या मोसमाचे गुण नव्या नियमाने पुन्हा मोजता येतात. तेवढं करा, संध्याकाळचं काम आहे. आणि मोजून झाल्यावर बघा, नव्या नियमाने गेल्या वर्षी पहिलं कोण आलं असतं. प्रस्ताव मांडणाराच आला असता, तर त्याला चहा पाजा आणि तारीख दोन मोसम पुढची टाका.